नऊ दिवस कमी

अण्णांचा आजार राजेश्रीने घरूनच कागदावर लिहून आणला होता. आई गेल्यापासून झोप नाही. कुणाशी बोलणे नाही. रोज पहाटे दोन कप चहा करतात आणि दुसरा बशीने झाकून मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवतात. तिला त्यांच्यासाठी गोळ्या हव्या होत्या. त्यासाठी झरीहून परभणीपर्यंत ती वडिलांना घेऊन बसमध्ये उभ्याने आली होती.

दवाखान्यातल्या समुपदेशक मनिषा मॅडमनी कॉम्प्युटरवर यादी उघडली. "एका बाजूला आजार, दुसऱ्या बाजूला आयुष्यातल्या अडचणी. अडचणीला गोळ्या मिळत नाहीत. काकू कधी गेल्या?"

"वर्ष झालं," अण्णा म्हणाले. "परवाच वर्षश्राद्ध केलं."

मॅडमनी मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख टाकली. "ते तिथीनं. तारखेनं नऊ दिवस कमी पडायलेत. दुःखाला वर्ष भरलं की आजार, तोवर अडचण."

"म्हंजी नऊ दिवस मी बरा हाय?"

"कॉम्प्युटरच्या मते."

"झोपेचं बघा ना," राजेश्री म्हणाली.

"किती वाजता उठता, काका?"

"चारला. म्हशी हायत दोन."

मॅडमनी झोप खोडली. "मयत माणूस डोळ्यांसमोर दिसतं का?"

"दिसलं असतं तर इथं कशाला आलो असतो?"

तेही खोडले गेले. यादी संपत आली. "मग दुसरा चहा कुणाला ठेवता?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हिला. माय गेल्यापासून ही मधल्या खोलीत पडून ऱ्हाती, दुपारपस्तोर उठतच न्हाई. च्या तसाच ऱ्हातो. मी वततो, कप इसळतो."

"अण्णा, तुम्ही कधी बोलला नाहीत," राजेश्री म्हणाली.

"तू बोलतीस का?" ते मॅडमकडे वळले. "दवाखान्यात चल म्हनलं तर आली नसती. मला दाखवायचं म्हनली, तर म्हनलं चला. वर्षात पयल्यांदा घराभायेर पडली."

मॅडमनी सगळे पुसून नवा अर्ज उघडला. "नाव?"

राजेश्रीने नाव सांगितले. आजार लिहिलेला कागद तिने मॅडमसमोरून ओढून घेतला आणि घडी घालून मुठीत धरला. आई गेल्याची तारीख विचारली, तेव्हा तिने दाखल्यावरची तीच तारीख सांगितली. पडद्यावर पुन्हा नऊ दिवस कमी आले.

'रुग्णासोबत आलेली व्यक्ती' या रकान्यात अण्णांनी सावकाश सही केली.

"नऊ दिसांनी घिऊन येतो," ते म्हणाले. मग लेकीकडे न बघता, "तवर च्या गरम असतानी पी."