सातव्या पावलाची हाक

बेटावरचा मुक्काम संपला होता, परतीची बोट सुटायला दोन तास होते आणि मीटररावांच्या बायकोला शिंपल्यांच्या नक्षीची लाकडी पेटी हवी होती. हवी म्हणजे हवीच. लग्नाला तीस वर्षं झाली, किती गावं पाहून झाली, पण ती प्रत्येक ठिकाणाहून हात हलवत परतली होती. कारण खरेदी मीटरराव करत.

कापडाच्या दुकानात उभी हयात मापं घेण्यात गेल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. धंद्यातली एक युक्ती त्यांनी स्वतः शोधून काढली होती. गिऱ्हाईक रुसून निघालं की त्याला बरोब्बर सातव्या पावलावर हाक मारायची. आधी मारली तर आपली गरज दिसते, उशिरा मारली तर ते शेजाऱ्याकडे शिरतं. हे गुपित त्यांनी मालकाला सांगितलं नव्हतं की सख्ख्या बायकोला. परगावी स्वतः गिऱ्हाईक झाले की ते निम्मा भाव सांगत, पाठ फिरवत आणि मनात सात मोजत. हाक यायचीच. मग ते आणखी भाव पाडत, आणि शेवटी दुकानदारच हात जोडून त्यांना वाटेला लावे.

बेटावरची गल्ली भर दुपारी चिडीचूप होती. वारा पडलेला, समुद्राचाही आवाज नाही. पेटीवाल्याने भाव सांगितला, मीटररावांनी निम्मा केला आणि पाठ फिरवली. पाच, सहा, सात. हाक नाही. आठ, नऊ. मान वळवून पाहिलं तर पेटीवाला दारात उभा राहून नुसता हसत होता. बायको म्हणाली, परत जाऊ या का? परत जायचं म्हणजे नाक कापून घेणं, असं म्हणून मीटरराव पुढे निघाले.

पुढे मधवाला होता. मीटररावांनी तोंड उघडण्याआधीच तो शांतपणे म्हणाला, "निम्म्यात मागणार. मागा. मग जा."

मीटररावांचं ततपप झालं. त्यांनी मागितलं आणि ते गेलेही, पण पाठीवर कुणीतरी नजर रोवल्यासारखं वाटत होतं. बायको मागून येत होती.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी चटई विणत बसली होती. मीटररावांनी सवयीने भाव पाडला, सवयीने पाठ फिरवली, आणि मागून म्हातारीचा खरखरीत आवाज आला.

"एक. दोन. तीन."

प्रत्येक आकडा त्यांच्या पावलाबरोबर पडत होता. ते थबकले की आवाजही थबके.

"सहा. सात." मग म्हातारी थांबली आणि म्हणाली, "आता कोण हाक मारणार रे तुला?"

मीटररावांची पाचावर धारण बसली. त्यांनी पूर्ण पैसे मोजून चटई काखेत मारली, धावत जाऊन मध घेतला, मग पेटी. भाव विचारायलाही ते थांबले नाहीत. पेटी तर कागदात बांधून तयारच होती.

बोट सुटली तेव्हा बायको पेटी मांडीवर घेऊन बसली होती. शिंपल्यांवरून बोट फिरवता फिरवता तिला हसू आवरेना.

"रागावू नका हं. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा मी त्या तिघांना भेटून आले. म्हटलं, आमचे हे निम्म्यात मागतील आणि निघून जातील. हाक तेवढी मारू नका. तीस वर्षं झाली हो, एक तरी वस्तू घरी न्यायची होती."

मीटररावांच्या जिवात जीव आला. ते इतके हलके झाले की रागवायचंच विसरले. तेही हसू लागले.

"अगं, पण म्हातारीला पावलं मोजायला लावलंस ते भारी हं. माझं तर काळीजच थांबलं."

"कसली पावलं?"

"सात. सातव्याला हाक मारायची असते ना."

बायकोचं बोट पेटीवर थांबलं. "ते मला कुठे ठाऊक होतं?" ती म्हणाली.

किनाऱ्यावर म्हातारी येऊन उभी होती. बाकीचे प्रवासी केव्हाच आपापल्या गावाच्या दिशेला तोंड करून बसले होते. मीटरराव मात्र बेट पार दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभे राहिले. पाठ फिरवायची त्यांची काही हिंमत झाली नाही.