हंसाभाऊ खरंच जेवायला बसायचा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. हंसाभाऊ आमच्या गल्लीत जेवायला यायचा बंद झाला, तो माझ्यामुळे.

पण आधी तो यायचा कसा, ते सांगायला हवं. आपल्याकडे माणूस जेवायला बसला आणि दारावरून कुणी गेलं, की तोंडातला घास सांभाळत 'या जेवायला' म्हणायचं. जाणाऱ्याने 'चालू द्या' म्हणत पुढं सटकायचं. दोघांची अब्रूही राहते आणि भाकरीही. हंसाभाऊ मात्र थांबायचा. चपला काढायचा, त्या जुळवून ठेवायचा आणि ताटासमोर मांडी घालायला लागायचा. मांडी पुरती जमेपर्यंत घरातल्या बाईची आणखी एक भाकरी थापून व्हायची.

खरं नाव हान्स. डेन्मार्कचा. धुळ्यातल्या एका तेलगिरणीत यंत्र बसवायला आला होता. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. निम्मं यंत्र मुंबईच्या गोदीत अडकलं आणि हा आमच्या गल्लीत, अक्काच्या माडीवर. अक्का म्हणजे आमची शेजारीण, पण हाक मारायला साऱ्या गल्लीची अक्का. मी गिरणीत कारकून. मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, म्हणून साहेबाला सांभाळायचं काम माझ्या गळ्यात.

इथलं सगळंच त्याला पटायचं. 'कुठं निघालात?' असं कुणी विचारलं, तर तो सायकलवरून उतरून खुणांनी आणि तुटक्या मराठीत पुरतं उत्तर द्यायचा: आधी पोस्टात, मग केस कापायला, मग केळी चांगली दिसली तर केळी. संध्याकाळी त्याच माणसाला गाठून केळी कच्ची होती, हेही सांगायचा. मला म्हणाला, "माझ्या देशात मी कुठं चाललोय हे फक्त पोलीस विचारतात."

एकदा त्याला चाळीसगावला नेलं. खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतात, हे बघून तो हरखलाच.

"आणि तो रुमाल कुणी उचलत नाही?"

"छे!"

पुढच्या आठवड्यात मी बँकेत गेलो, तर रांगेत दोन माणसांच्या मधे जमिनीवर एक टोपी. हंसाभाऊ समोर रसवंतीवर. रांग सरकली की मागचा माणूस मोठ्या अदबीने टोपी पायाने पुढं सरकवत होता.

अक्काकडून तो अहिराणी शिकला. म्हणजे 'सगळं चांगलं आहे' एवढं एकच वाक्य शिकला: "बठ्ठं चांगलं शे!" भाजी वाढली तरी तेच, वीज गेली तरी तेच.

तो दारात दिसला की अक्का सुनेला ओरडून सांगायची, "उना व, उना! मना हंसा उना! ताट मांड!"

तिचे यजमान, नाना, कुरकुरायचे. "मग तू हाक मारू नको ना."

"वा! दारपुढे दिसना आनि हाक नही मारू?"

तिच्या टोपलीत त्याच्या वाटणीची एक भाकरी रोज जास्तीची असायची. हे मी बघत होतो.

मग माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला शिंदखेड्याची मंडळी आली. वरणबट्टीचा बेत. पंगत बसली आणि हंसाभाऊ दारावरून निघाला. वडिलांनी सवयीने हाक घातली. तो आला आणि थेट मुलाशेजारी बसला. मुलाच्या मामांनी विचारलं, डेन्मार्कात कापूस होतो का? मुलाने यंत्राची माहिती विचारली. मला दोन्हीकडची भाषांतरं करावी लागली, घास तोंडात जाईना. हंसाभाऊने तुपात बुडवून बट्ट्यांचा डोंगर सपाट केला आणि "बठ्ठं चांगलं शे" म्हणून हात धुतले. मंडळी खूष. निघताना मुलाची आई म्हणाली, "भलता गोड मानूस शे! आनि पोर कोनती व्हती?"

स्थळ गेलं. बहिणीला पुढं चांगलं घर मिळालं आणि ती ही गोष्ट अजून हसून सांगते. मला त्या दिवशी हसू आलं नाही. संध्याकाळी मी माडी चढलो आणि त्याला सांगितलं की, 'या जेवायला' हा नुसता रिवाज आहे, कुणी खरं बोलावत नसतं. इथवर ठीक होतं. पण मी तिथं थांबलो नाही. म्हणालो, "सगळी गल्ली तुम्हाला कंटाळलीय. अक्कासुद्धा."

हे धडधडीत खोटं होतं.

"अक्कासुद्धा?" त्याने एवढंच विचारलं.

"हो."

दुसऱ्या दिवशी अक्काने हाक मारली. त्याने हात जोडले, "चालू द्या" म्हणाला आणि जिना चढून गेला. गल्लीला भारी मौज वाटली. साहेब शिकला! अक्का तेवढी हसली नाही. तिने भाजीतली मिरची निम्मी केली. मग त्याच्याही निम्मी.

"मी काय दवाखानामां शे का?" नानांनी ताट सरकवलं.

"गपचूप खाय. त्याना पोटले सोसत नही."

तरी तो आला नाही. माडीवर स्टोव्हवर बटाटे उकडायचा. दार सताड उघडं, खुर्ची दाराकडे तोंड करून. जिन्यावर पाऊल वाजलं की अर्धवट उठायचा. एकदा मी रॉकेलचा डबा घेऊन वर गेलो, तर टेबलावर दोन ताटल्या. दुसरी पालथी घातलेली.

"या जेवायला," तो म्हणाला.

रिवाज म्हणून की खरंच, ते मी विचारलं नाही. "चालू द्या," म्हणालो, डबा ठेवला आणि उतरलो.

पुढं उरलेलं यंत्र आलं, बसलं, चाललं. त्याची निघायची वेळ झाली. अक्काने उन्हात वाळवलेले ज्वारीचे पापड, बिबडे, फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. ते त्याने सामानात टाकले नाहीत, मांडीवरच घेतले. रिक्षा सुटायच्या आधी मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "हे द्यायला तिला तुम्ही सांगितलंत ना? आभारी आहे."

मी नाही म्हणालो नाही.

अक्का आता सोनगीरला लेकीकडे असते. नजर अधू झालीय, पण माझा आवाज ओळखते. गेलो की चहा होण्याआधीच विचारते, "बापू, हंसाले मनी भाजी तिखट लागनी व्हती ना रे?"

"असंल," मी म्हणतो आणि दुसरा विषय काढतो.

भाजीचा काही दोष नव्हता, हे अक्काला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.