चाकाखालचा दगड आणि हातातला रिमोट

माणसाने मेहुण्याच्या हातात काय आहे ते बघू नये. मी बघितलं.

विनेश, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, पनवेलहून नवी गाडी घेऊन आमच्याकडे चौलला आला होता. जेवून ओटीवर बडीशेप चघळता चघळता त्याने खिशातून काहीतरी काढलं, दाबलं, आणि अंगणात गाडी सुरू! आत चिटपाखरू नाही, आणि एसी चालू.

"तापलेल्या सीटवर कोण बसणार, भावोजी?" तो म्हणाला.

तापलेल्या सीटवर आम्हीच बसायचो. आमची गाडी जुनी. पण कमीपणा घेणं माझ्या स्वभावात नाही. "त्यात काय! मी पण बसवतो आमच्या गाडीला," मी बोलून गेलो. (माझे आजवरचे सगळे अपघात 'मी पण' या शब्दांनीच सुरू झाले आहेत.)

"आधी आरसा बसवा," आतून माझी बायको शिवानी म्हणाली.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या अंगणातून फाटकाकडे जाताना डाव्या हाताला तुळशीवृंदावन आणि उजव्या हाताला एक पोफळ लागते. गाडी दोन्हींच्या मधून जाते, असं गाडी बनवणाऱ्यांचं मत असावं. तुळस जवळ आली की माझे हात आपोआप वळतात. डावा आरसा मी तुळशीला वाहिला आहे आणि उजवा पोफळीला. शिवानीने अलिबागला रीतसर क्लास लावून लायसन काढलंय. पण तिच्याकडे लायसन असलं तरी किल्ली माझ्याकडे होती.

तरीही रिमोटचं खोकं घरी आलंच. ते बघून शिवानी शांतपणे म्हणाली, "रविवारी बाबा येणार आहेत पोपटी खायला. त्यांच्यासमोर फजिती झाली, तर सोमवारी गाडी शिवदासला देणार. बर्फाच्या पेट्या न्यायला त्याला हवीच आहे."

शिवदास आमच्या गल्लीतला मासळीवाला. तो येता-जाता माझ्या गाडीकडे असा बघायचा, जणू मागची सीट त्याने मनातल्या मनात काढूनसुद्धा टाकली आहे. आणि बाबा म्हणजे माझे सासरे, तुळशीराम. रोह्याकडचे शेतकरी. जावयाला सरळ खिळाही ठोकता येत नाही, हे त्यांनी लग्नातच ओळखलं होतं. (मांडवात खिळा मीच ठोकत होतो. मांडव नंतर दुसऱ्यांनी उभा केला.)

मी कामाला लागलो. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं आणि वायरींचा असा गुंता बाहेर आला की शेवयांची आठवण झाली. लाल वायर लालला जोडली. हिरवीला जोडीदार मिळेना, तिचं पिवळीशी लावून दिलं. रिमोट दाबला तर वायपर सुरू. दोघींचा घटस्फोट करून टाकला. पुन्हा दाबला, तर हॉर्न असा अडकला की शेजारची ठमीकाकू पाववाल्याची सायकल आली समजून पिशवी घेऊन बाहेर आली.

पण शनिवारी संध्याकाळी मी गाडीत बसून क्लच दाबला, रिमोट दाबला, आणि इंजिन घुर्रर्र! पुन्हा केलं, पुन्हा घुर्रर्र! मी जिंकलो होतो. एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

रविवारी सासरे आले, विनेश आला. फाटकाबाहेरच्या भात कापलेल्या खाचरात पोपटी लागली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. तो निवेपर्यंत सगळे ओटीवर बसले. हीच वेळ होती.

आता आणखी एक खुलासा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने हँडब्रेक गंजतो. त्यामुळे किनाऱ्यावरचा माणूस गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली दगड लावतो. त्याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप करतात. माझ्याही हातांनी ते केलं होतं. पण नव्या तंत्रज्ञानापुढे दगड शोभेना, म्हणून मी तो हळूच काढून तुळशीमागे ठेवला. गिअर मात्र काही दिसत नव्हता, त्यामुळे तो पहिलाच राहिला.

"बाबा, बघा हं!" म्हणून मी ओटीच्या मधोमध उभं राहून रिमोट दाबला.

गाडीने एक उडी मारली. मग दुसरी. मग इंजिन सुरू झालं आणि आमची गाडी, आत कोणी नसताना, उताराने फाटकाकडे निघाली.

समोर तुळस, पोफळ, फाटक आणि त्यापलीकडे सरळ रेषेत पोपटीचा जाळ! टाकीत पेट्रोल होतं. मी बटण दाबलं, गाडी थांबली. घाबरून पुन्हा दाबलं, पुन्हा निघाली.

"आरं, आपली आपुन चाललीया!" सासरे उभे राहिले.

"थांबून थांबून चाललीय, बाबा. बघून चाललीय!" विनेश ओरडला.

तुळस आली. मी डोळे मिटले. आवाज आला नाही, म्हणून उघडले. गाडी तुळस आणि पोफळीच्या मधून निघून गेली होती, एक पान न हलवता. (किल्ली नव्हती, म्हणजे स्टिअरिंगला कुलूप. चाकं सरळच्या सरळ अडकलेली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.) उघडं फाटक ओलांडून ती खाचरात उतरली, जाळाकडे निघाली. मी देवाचं नाव घेऊन अंगठा दाबला आणि दाबूनच ठेवला.

पोपटीपासून वीतभर अलीकडे गाडी शांत झाली.

"पोपटी बघून थांबली!" सासऱ्यांनी मला मिठी मारली. "जावईबापू, म्या तुमाला वळखलंच न्हाय! बिनमाणसाची गाडी केलीत की वो!"

"भावोजी, माझी नुसती चालू होते," विनेश पडेल आवाजात म्हणाला. "तुमची तर चालते!"

मी फक्त हसलो, शोधक लोक हसतात तसं. ठमीकाकूने दृष्ट काढली. शिवदास कुंपणापाशी उभा होता, तो मान खाली घालून निघून गेला. पोपटीतली सगळ्यात मोठी तंगडी माझ्या पानात पडली. खरं सांगतो, आयुष्यात इतकं चविष्ट काही खाल्लं नाही.

रात्री भांडी आवरताना शिवानीने तुळशीमागचा दगड आणून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "गाडी विकायची नाही."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

"पुढच्या रविवारी सगळे मुरुडला जाऊ," तिने पुढे सांगितलं. "बाबांनी ठरवलंय."

सासरे अंथरुणावरून म्हणाले, "व्हय. पर जावईबापू, तुमी एसटीनं या. तुमी बसलात की गाडी बावचळतीया. येकटी बगा कशी गेली! शिवानी नुसती धरून बसंल. तुमाला पास हाय न्हवं?"

आहे. एसटीच्या आगारात मी कारकून आहे.

रविवारी रेवदंड्याच्या पुलावर आमच्या गाडीने आमच्या एसटीला मागे टाकलं. शिवानी झोकात चालवत होती, शेजारी सासरे. दोन्ही बाजूंना नवे आरसे. मी खिडकीतून हात केला.

"सायब, तुमची गाडी न्हवं ती?" कंडक्टर भिकूने विचारलं. "मग तुमी इथं कसं?"

"रिमोटवर आहे ती," मी खिशातून रिमोट काढून ऐटीत दाखवला. "इथून चालवतोय."

भिकूने तो हातात घेतला, उलटा केला, मागचं झाकण उघडलं.

"सायब, यात सेल न्हाईत."

ते आदल्या रात्रीच शिवानीने काढून टीव्हीच्या रिमोटला घातले होते.