शेवटचा घास कोण घेणार?

ऑफिसातल्या नाताळच्या सोडतीत बोयेतला आजवर एकदा टेबलफॅन लागला होता आणि एकदा हॅमचा डबा. यंदा तिघांचं जेवण लागलं. तेही मकातीसारख्या श्रीमंती भागातल्या अशा हॉटेलात, की जिथे आपण काही मागवायचंच नसतं. शेफच्या मनात येईल ते घासाघासाने पुढ्यात येतं आणि आपण मान डोलवायची असते.

"तिसरं कोण?" बोयेतने विचारलं.

"नानायना बोलवू या," लुवी म्हणाली. (हे आपल्याच तोंडून बाहेर पडलं, यावर तिचा नंतर बराच वेळ विश्वास बसेना.)

नानाय पेर्ला म्हणजे बोयेतची आई, लुवीची सासू. लुसेनाहून नव्या वर्षाला म्हणून आलेली आणि अजून मुक्कामाला असलेली. येताना तिने सहा महिन्यांच्या मिगीसाठी झबली आणली होती आणि सोबत एक बेत. लुवीची रजा आता संपत आली होती. "तुम्ही दोघं नोकरीवर जाणार. पोराला मी गावी नेते," नानायने जाहीर केलं होतं. यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. घरातली निम्मी पोरं तिनेच वाढवलेली.

"पण मिगी राहील ना टिनटिनजवळ," लुवी घाईघाईने म्हणाली होती. टिनटिन ही तिची धाकटी बहीण. "बाटलीने दूध पितो तो आता."

मिगी बाटलीला शत्रू मानत होता. पण बोलून तर झालं होतं. तेव्हा ही संध्याकाळ म्हणजे परीक्षाच होती. मिगी टिनटिनजवळ, बाटली टिनटिनच्या हातात आणि लुवी कपाळावर एकही आठी न आणता हॉटेलात. मधेच घराकडे धावली, की पोरगं लुसेनाला गेलंच.

हॉटेलात उजेड बेताचा होता आणि वेटर कानात गुपित सांगावं तसा बोलत होता. पहिल्यांदा त्याने एक दगड आणून ठेवला. नीट पाहिल्यावर दगडावर सुक्या मासळीची नखाएवढी चकती दिसली.

"शेफच्या आजीच्या अंगणातली सकाळ," वेटर कुजबुजला.

नानायने दगडाकडे बराच वेळ पाहिलं. "आजी वारल्या का रे?"

"नाही मॅम, आहेत."

"मग त्यांना तरी पोटभर घालतात ना?"

दुसऱ्या खेपेला एका चमच्यात सिनिगांगचा, म्हणजे आंबट रश्श्याचा, फेस आला. नानाय सिनिगांग करते ते पातेलं उचलायला दोन माणसं लागतात. तिने चमचा तोंडात घातला, काढला, आणि मागून अजून काही येतंय का म्हणून थांबली.

"बाळा, आणि भात?"

"भात शेवटी शेवटी येईल, मॅम."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"अनुभव घ्यायचा, मॅम."

बोयेत खाली मान घालून अनुभव घेत होता. लुवीने मांडीवरच्या रुमालाखाली फोन उघडला. टिनटिनचा निरोप होता: 'ताई, बाटली बघून हसला.' त्याखाली: 'आता बाटली फेकली.'

'प्यायला का थोडं?'

'मी प्यायले. त्याला दाखवायला.'

तेवढ्यात तिघांच्या मधोमध केळीचं पान आलं. पानावर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे चार तुकडे. "घरच्यासारखं वाटून खायचं," वेटर म्हणाला. तीन तुकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत गेले. चौथा उरला.

आणि सगळं तिथेच अडलं.

शेवटचा तुकडा कुणी उचलायचा? लुवीच्या घरी कुणी उचलत नसे, बोयेतच्या घरी कुणी उचलत नसे. भुकेने चक्कर आली तरी तो एक तुकडा ताटलीत लाजत पडून राहायचा आणि दुसऱ्या दिवशी मांजराला मिळायचा.

"नानाय, घ्या ना."

"छे गं! माझं पोट तुडुंब झालंय. बोयेत, तू घे."

"मला तर आता श्वास घेता येत नाहीये," बोयेत म्हणाला. त्याच्या पोटात एक चकती, एक चमचा फेस आणि एक तुकडा होता. पोटातून आवाजही आला; सगळ्यांनी तो शेजारच्या टेबलाचा असल्यासारखं दाखवलं.

वेटर भिंतीशी उभा होता. पान रिकामं झाल्याशिवाय उचलायचं नाही आणि पान उचलल्याशिवाय पुढचं आणायचं नाही, अशी शेफची ताकीद. आणि 'तेवढा संपवा की' असं म्हणावं, तर तोही अशाच घरातला. तोही लाजला. तो तुकड्याकडे बघत राहिला, तुकडा त्याच्याकडे.

'ताई, रडतोय,' फोन म्हणाला.

लुवीचा ब्लाउज आतून दुधाने ताठ व्हायला लागला होता. शरीराला काही परीक्षा-बिरीक्षा कळत नाही. त्याची वेळ झाली की झाली. तिने डोळे मिटले, हात पुढे केला आणि तुकडा तोंडात टाकला.

नानायने सुनेकडे असं पाहिलं, जसं काही ती टेबलावर चढून नाचली.

"भूक... लागली होती," लुवी तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

पण पान उचललं गेलं! पुढची ताटली आली! लुवीला किल्ली सापडली. मग तिने मागेपुढे पाहिलं नाही. खेकड्याची बोटं आली, चौथं बोट लुवीचं. आंब्याच्या लोणच्याचे गोळे आले, उरलेला गोळा लुवीचा. बोयेत टेबलाखालून पाय मारत होता. "अगं, लोक बघतायत!" तो ओठ न हलवता म्हणाला.

"बघू देत. लवकर चाव."

लोक बघत होतेच. वेटरने आत जाऊन सांगितलं आणि शेफ स्वतः बाहेर आला. दंडभर गोंदण, डोळ्यांत पाणी. "इथे लोक येतात आणि फोटो काढतात," तो गहिवरून म्हणाला. "तुम्ही पहिल्या बाई, ज्यांना माझ्या हातचा घास सोडवत नाही! तुमच्यासाठी मी दोन पदार्थ जादा करतो."

"नको! खरंच नको!" लुवी जवळजवळ ओरडली.

शेफ मायेने हसला. चांगल्या घरातला माणूस पहिल्या नकाराला नकार समजत नाही. दुसऱ्यालाही नाही.

"अहो, हात जोडते, नको!"

"तीन करतो," शेफ म्हणाला आणि आत गेला.

'शेजारच्या आजी आल्यात,' एवढा निरोप आला आणि मग फोन गप्प झाला. रडण्याचे निरोप परवडले, पण हे गप्प बसणं लुवीला सोसेना. मिगी निळा पडलाय, रिक्षात आहे, दवाखान्यात आहे, तिथले डॉक्टर विचारतायत, आई कुठे आहे? आई खेकडे खातेय. जादा पदार्थांतला पहिला समोर आला, भोपळ्याच्या फुलातलं कसलंसं सारण, आणि लुवीच्या डोळ्यांतून दोन टपोरे थेंब थेट त्या फुलात पडले.

"रडल्या!" शेफ दारातूनच म्हणाला. सगळं स्वयंपाकघर बाहेर आलं आणि टाळ्या वाजू लागल्या.

नानायने मात्र सुनेच्या ब्लाउजवरचे दोन ओले डाग पाहिले, स्वतःची शाल तिच्या खांद्यांवर टाकली आणि उठली. "चल," ती म्हणाली. "हिला बरं वाटत नाहीये," असं तिने वेटरला सांगितलं आणि त्याचा आग्रह ऐकायला ती थांबलीच नाही.

तिघं टॅक्सीत बसले. लुवीला लुसेनाची बस दिसत होती, खिडकीत नानाय, नानायच्या मांडीवर नवं झबलं घातलेला मिगी.

दार उघडलं, तर मिगी टिनटिनच्या मांडीवर बसून वाटीतली पातळ पेज चमच्याने ओरपत होता. शेजारच्या आजींनी करून दिली होती. हनुवटीवर पेज, पोटावर पेज, चेहऱ्यावर परमानंद.

"एवढ्यात आलात?" टिनटिन म्हणाली.

"फोन का नाही केलास!"

"एका हातात वाटी, एका हातात चमचा. कशाने करू?"

नानाय थेट स्वयंपाकघरात गेली. तिने भाताचं पातेलं, तळलेली अंडी, दुपारची मासळी, सगळं टेबलावर मांडलं. तिघं असे जेवले, जसे काही आठवडाभर उपाशी होते. नानाय सुनेचा प्रत्येक घास निरखत होती. शेवटी तिने निकाल दिला.

"पोराला मी नेत नाही. मावशी आहे, शेजारीण आहे, त्याचं पोट भरतंय."

लुवीने हातातला घास खाली ठेवला. तिने सासूचा हातच धरला.

"पण हिचं काय?" नानाय मुलाकडे वळली. "बोयेत, तू बायकोला खायला घालतोस की नाही? चारचौघांत, माझ्यासमोर, दर ताटलीतला शेवटचा घास! लाज वाटली मला. रजा संपेपर्यंत हिला लुसेनाला नेते. अंगावर थोडं मांस येईल, आणि माणसांत बसून कसं जेवायचं तेही शिकेल."

"पण नानाय, मिगी?" लुवी म्हणाली.

"त्याला कशाला त्रास?" नानाय म्हणाली.

लुवीने आशेने मिगीकडे पाहिलं. आता तरी तो आईसाठी एकदा भोकाड पसरेल, असं तिला वाटलं. मिगीने तोंड उघडलंही. टिनटिनने त्यात चमचा घातला.