भिवा भेकर पळाला

एका जंगलात एक भेकर राहत असे, अशी सुरुवात करायला मला आवडलं असतं. पण मुलांनो, ही गोष्ट घडली तेव्हा ते भेकर जंगलात नव्हतंच. समुद्रापलीकडच्या एका बेटावर होतं. सरकारी हुकमानं होतं, आणि सरकारी हुकमात 'का' हा शब्द नसतो. तेव्हा तुम्हीही विचारू नका.

भेकर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. हरणाच्या जातीतला लहानसा प्राणी. बिथरला की कुत्र्यासारखा भुंकतो. आपल्या भेकराचं नाव भिवा. तो सिंहाच्या वनसेनेत शिपाई होता आणि त्याला एकच नाद होता. त्याला पळायला आवडायचं. मागे कुणी लागलेलं नसताना.

जंगलात याचं भारी नवल. वाघ मागे नसताना पळायचं म्हणजे भूक नसताना जेवायचं, असं शेजारीपाजारी म्हणत. भिवा मात्र रोज पहाटे उंबरापासून तळ्यापर्यंत पळायचा आणि तसाच परत यायचा. वेग बेताचाच. जंगलात दरवर्षी लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. गेल्या वर्षी त्रेचाळीस जण उतरले, त्यात भिवा एक्केचाळिसावा आला. त्याच्या मागे राहिले ते एक गाभण म्हैस आणि एक वाट चुकलेला बोकड. तरी गडी घरी आला तो नवरदेवाच्या थाटात.

त्याच्या बायकोचं नाव सुंदरा. तिनं कधी पळण्यावरून त्याला टोकलं नाही. बदलीचा हुकूम आला तेव्हा ती म्हणाली, "तिकडनं शंखशिंपले काय आणू नका. फक्त पळणं सोडू नका. पळणं सुटलं की तुम्ही चिडचिड करता, अन् चिडका नवरा मला परत नको. दर आठवड्याला किती पळालात ते लिहून कळवा. म्हंजे मला कळंल, गडी ताळ्यावर आहे."

भिवानं कबूल केलं आणि तो होडीत बसला.

बेटावर खेकड्यांचे दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, तिरकं चालायचं ते डावीकडं. दुसरा म्हणे, उजवीकडं. यावरून हातघाईवर येण्याची वेळ आली, म्हणून शांतता राखायला वनसेनेची तुकडी मध्ये उभी केली होती. खरं तर तिची काही गरज नव्हती. दोन्ही पक्ष रोज एकमेकांवर चाल करून निघत आणि तिरक्या चालीमुळं भलतीकडेच पोचत. संध्याकाळी दमून घरी जात.

तुकडीनं छावणीभोवती कुंपण घातलं होतं. कुंपणाबाहेर जायला मनाई होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आहे. भेकराची धाव कुंपणाच्या आतल्या अंगानं सुरू झाली. एक फेरी एकशे ऐंशी पावलांची. खाली वाळू, वर ऊन. संडास, स्वयंपाकघर, झेंडा. पुन्हा संडास. पंधराव्या फेरीला भिवाला वाटायचं, आपण पळत नाही, घाण्याला जुंपलो आहोत. पळायला ना सोबती, ना झाड, ना ओळखीची वाट. पण शनिवारी सुंदराला पत्र लिहायचं असे. पत्रात लिहायला काहीतरी हवं, म्हणून तो सोळावी फेरी घ्यायचा. तेवढ्याच एका गोष्टीवर त्याचे पाय उचलत होते.

आता मुलांनो, इथं साळिंदर येतं.

छावणीतून घरी जाणारं प्रत्येक पत्र तपासायला एक साळिंदर नेमलेलं होतं. येणारी पत्रं तपासायला दुसरं साळिंदर मंजूर झालं होतं, पण ते अजून निघालं नव्हतं. साळिंदर फार कामसू. लेखणी हवी असली की अंगावरचा एक काटा उपटायचं. आपला हात जगन्नाथ. नियमाचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. त्यात कलम सतरा असं होतं: सैनिक पळाल्याची वार्ता सैनिकाच्या पत्रातून बाहेर जाता कामा नये.

साळिंदरानं भिवाचं पहिलं पत्र उघडलं. 'पळालो' हा शब्द दिसला. काट्याच्या टोकानं त्यानं तो शब्द कागदातून अलगद कोरून काढला. बाकीच्या मजकुराला धक्का लावला नाही. साळिंदर प्रामाणिक होतं.

सुंदराच्या हाती पत्र पडलं ते असं. ठिपके दिसतील तिथं भोक समजा.

"प्रिय सुंदरा, या आठवड्यात सहा दिवस पहाटे उठून …… पहिल्या दिवशी अंग फार दुखलं. पण …… तेव्हा जो आनंद झाला तो काय सांगू. बाकीचे शिपाई झोपा काढतात. मी एकटाच ……"

सुंदरानं त्यातलं एक भोक डोळ्याला लावून पाहिलं. पलीकडं आभाळ दिसलं. तिला वाटलं, यांनीच आधी लिहिलं आणि मग लाज वाटून कोरून काढलं. जो शब्द नवऱ्यानं स्वतःच काढून टाकला, तो त्याला विचारायचा कसा? मानी बाई होती. तिनं आडून विचारलं, "तुम्ही जे काय करता, ते सगळ्यांच्या देखत करता का?"

भिवाला प्रश्न भलताच आवडला. त्यानं लिहिलं, "हो तर, सगळ्यांच्या देखत. लपवायचं काय त्यात? सुभेदार तर कौतुकानं बघतात. परवा म्हणाले, गुडघे धड असते तर मीही तुझ्याबरोबर …… असतो."

मुलांनो, हसताय कशाला? जे हसले नाहीत त्यांनी मोठ्यांना काही विचारायला जाऊ नये.

अशी दहा आठवडे पत्रं गेली. प्रत्येक पत्रात भिवानं जीव ओतला. सुंदराची उत्तरं मात्र आखडत गेली. दोन पानांचं एक पान झालं, एका पानाच्या चार ओळी. अकराव्या आठवड्यात एकच ओळ आली: "तुमचं तुम्हाला लखलाभ. मला यापुढं काही कळवू नका."

भिवानं ती ओळ सात वेळा वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी आचाऱ्यानं मीठ जास्त घातलं म्हणून तो त्याच्यावर भुंकला. पाचव्या दिवशी मीठ बरोबर होतं म्हणून भुंकला.

तुकडीचे सुभेदार म्हणजे एक थोराड रानडुक्कर. त्यांनी भिवाला बोलावून घेतलं. म्हणाले, "काय रं, पळायचं का सोडलंस? सकाळी तुला बघून आम्हास्नी जरा हुशारी वाटायची. आता उठल्यावर नुसतं खेकडंच बघाय मिळत्यात."

भिवानं बायकोचं पत्र पुढं केलं. सुभेदारांनी ते वाचलं. ते तीन बायकांचे धनी होते, त्यामुळं पत्रातली कळ त्यांना लगेच ओळखता आली. त्यांनी साळिंदराला हाक मारली.

"ह्याच्या पत्रातनं काय काढतोस तू?"

"फक्त 'पळालो', साहेब," साळिंदर म्हणालं. "कलम सतरा. सैनिक पळाला ही गुप्त बाब आहे."

"आरं, पण त्यो तसा पळत न्हाई. हौसंनं पळतोय."

"हौसेनं पळणं हे तर जास्त गंभीर आहे, साहेब. भीतीनं पळणाऱ्याला निदान काही सबब असते."

सुभेदारांनी डोकं खाजवलं. "बरं, भिवा, तू 'धावलो' लिही."

"धावतो तो देव, भक्तासाठी," भिवा म्हणाला. "आम्ही भेकरं पळतो."

"आणि 'धावलो' चालणारही नाही," साळिंदर म्हणालं. "कुणाच्या मदतीला धावलात? म्हणजे कुणावर तरी हल्ला झाला. गुप्त."

"मग 'दौडलो'?"

"घोडदळाची हालचाल. गुप्त."

"मग सरळ लिही, वीस फेऱ्या मारल्या."

साळिंदराच्या अंगावरचे काटे उभे राहिले. "वीस मारल्या? एका शिपायानं? शांतता राखायला आलेल्या तुकडीत?"

बिचाऱ्या मराठी भाषेचा तरी काय दोष, मुलांनो. ध चा मा झाल्याचं तुम्ही ऐकलं असेल. इथं सगळी बाराखडीच कामाला लागली होती.

सुभेदार कंटाळून उठणार, तेवढ्यात साळिंदर म्हणालं, "आणखी एक. शिपाई भिवा पळतो, हे आता आपण माझ्यासमोर तोंडी मान्य केलंत. तेव्हा मला नमुना नऊ भरावा लागेल."

"त्यो काय असतोय?"

"सैनिक पळाल्याची घरच्यांना सूचना. पत्रातून काढलेला प्रत्येक शब्द किती दिवसांचा, ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. दहा आठवड्यांत हा एकसष्ट दिवस पळाला आहे. एकसष्ट नमुने जातील."

"पर त्यो हितं उभा हाय की तुझ्यासमोर," सुभेदार ओरडले.

"हजर असल्याचा नमुना वेगळा आहे, साहेब. तो संपलाय."

 नमुना नऊ म्हणजे काय ते भिवाला ठाऊक होतं. त्या जंगलात अशी सूचना घरी गुपचूप देत नसत. चावडीवर सगळ्यांना गोळा करून दवंडी पिटत. आधीच बायकोनं तोंड फिरवलेलं, त्यात आता तिच्या तोंडावर सगळ्या जंगलासमोर नवरा पळपुटा ठरणार. तेही एकसष्ट वेळा. आगीतून निघाला तो फुफाट्यात पडला.

तो साळिंदराच्या पाया पडला. साळिंदराला वाईट वाटलं. त्यानं सगळे नमुने सुवाच्य अक्षरात लिहिले. मग ते पाणकावळ्याच्या पायाला बांधून रवाना केले. पाणकावळा ओझ्यानं दोनदा समुद्रात पडला, पण पोचला.

पुढचे बारा दिवस भिवा झेंड्याच्या सावलीत पडून होता. सावली सरकली की सरकायचा, एवढीच त्याची हालचाल. पळणं गेलं, घर गेलं, नाव गेलं. भुंकण्याचीही त्याला इच्छा उरली नव्हती. आचाऱ्यानं मुद्दाम मीठ जास्त घालून पाहिलं. भिवानं मुकाट्यानं खाल्लं. छावणीत सगळ्यांनाच चैन पडेना.

तेराव्या दिवशी सुंदराचं पत्र आलं. भिवाला ते उघडायचा धीर होईना. शेवटी तो सुभेदारांकडं गेला. "तुम्हीच वाचा, साहेब. काडीमोडाचं असंल तर नुसती मान हलवा."

सुभेदारांनी अक्षर लावत लावत वाचायला सुरुवात केली.

"अहो, सोमवारी चावडीवर दवंडी झाली. कोल्ह्यानं डफडं वाजवून सांगितलं, ऐका हो ऐका, भिवा भेकर पळाला हो. एकदा सांगून थांबेल तर कोल्हा कसला. एकसष्ट कागद होते, एकसष्ट वेळा सांगितलं. दुपार झाली. मंडळींनी माना खाली घातल्या. शेजारची नीलगाय माझा हात धरून रडायला लागली. माझ्या डोक्यात तिसऱ्या-चौथ्या दवंडीलाच उजेड पडला होता. मी मटकन खाली बसले अन् हसत सुटले. सगळ्यांना वाटलं, हिला भ्रम झाला."

सुभेदार थांबले. भिवाचे कान ताठ झाले होते.

"घरी आले अन् तुमची पत्रं बाहेर काढली. एकेका भोकात 'पळालो' घालून वाचलं. सगळी नीट लागली. त्याआधी मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं ते आता लिहीत नाही. मला माफ करा. त्या सुभेदारांचीही माफी मागा, पण कशाबद्दल ते सांगू नका."

सुभेदारांनी भिवाकडं पाहिलं. भिवानं झेंड्याकडं पाहिलं.

"जंगलातले सगळे मला बघून वाट बदलतात. बदलेनात का. पाणवठ्यावर नंबर लवकर लागतो. आता मुद्द्याचं. तुमच्या दहा आठवड्यांच्या पत्रांचे दिवस झाले सत्तर, अन् पळालात एकसष्ट. नऊ दिवस खाडा कसला? तब्येत बरी आहे ना? तुमची, सुंदरा."

भिवानं पत्र हातात घेऊन तो प्रश्न स्वतः वाचला.  हजार कोसांवरून बायकोनं त्याचे नऊ दिवस नेमके पकडले होते. इतक्या लांब येऊन आपलं कुणीतरी आहे, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. "दोन दिवस पोट बिघडलं होतं," तो हळूच म्हणाला. "बाकीचे सात आळस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुंपणाच्या कडेनं निघाला. संडास, स्वयंपाकघर, झेंडा. इतक्या दिवसांत पाय आखडले होते, तरी वीस फेऱ्या झाल्या. विसाव्या फेरीला साळिंदर कचेरीच्या दाराशी काटा उपटून तयारच बसलं होतं. समोर नमुना नऊ.

भिवा धापा टाकत थांबला. "साळिंदरराव, आज वीस झाल्या. तेवढं घाला त्यात."

"आकडा घालायला जागा नाही," साळिंदर म्हणालं. "नमुन्यात एवढंच आहे, पळाला."

"मग तेवढंच लिहा," भिवा म्हणाला. "पण आजच्या आज पाठवा. तिकडं वाट बघत्यात."

तात्पर्य: आपलं कौतुक घरी पोचावं असं वाटत असेल, तर ते स्वतः कळवू नये. सरकारला बदनामी म्हणून कळवू द्यावं. ती वेळेवर जाते, सगळ्यांना ऐकू येते आणि तिच्यातला एकही शब्द कुणी कोरून काढत नाही.