दोनदा विचारणारे साठेकाका

साठेकाका कुठलीही गोष्ट दोनदा विचारतात. "चहा घेणार?" आपण हो म्हणायचं. काका जरा थांबतात, आपल्याकडे निरखून बघतात आणि मग, "नक्की घेणार ना?" भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. "मेथी ताजी आहे?... नक्की ताजी आहे?" तो बिचारा दुसऱ्यांदा खरं सांगून टाकतो.

डोंबिवलीत ते आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहतात. रिटायर झाल्यावर माणसं योगा करतात. यांनी एम्बेडेड सी शिकायला घेतलं. बिस्किटाएवढा बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप, आणि तिला कामाला लावायला सी भाषेतला चार ओळींचा प्रोग्राम. पहिला एलईडी लुकलुकला तर यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले! सगळे बघायला गेले. मी नाही गेलो. पेढे मात्र दोन खाल्ले. अहो, मी इतकी वर्षं माजिवड्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितोय, माझ्या नावाने कोणी चणे-फुटाणे तरी वाटलेत? नुसता जळफळाट झाला.

मग गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. म्हटलं, अलार्म मी बनवतो. तर आमची स्वाती, म्हणजे माझी सख्खी बायको, म्हणाली, "तू राहू दे रे. काकांना जमेल ते."

काकांनी बनवला. पाणी वर आलं की स्विच दाबला जाणार आणि बझर वाजणार. पण पाणी हिंदकळतं, स्विच खाली-वर होतो आणि चिपला दर वेळी वाटतं, टाकी नव्याने भरली. बझर सकाळभर बोंबलत होता. खरं सांगतो, तेवढा वेळ मी फार सुखात होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी दोन ओळी वाढवल्या. "स्विचवर लगेच विश्वास नाही ठेवायचा. जरा थांबायचं, पुन्हा विचारायचं. तेच उत्तर आलं तर खरं." अलार्म शहाण्यासारखा एकदाच वाजला. स्वातीने टाळ्या वाजवल्या. आमच्या लग्नातसुद्धा ती इतकी खूश दिसली नव्हती.

रविवारी चुका काढायच्या इराद्यानेच त्यांच्याकडे गेलो. प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. एक चूक सापडेल तर शपथ! शेवटी चिडून म्हटलं, "काका, चिपचं ठीक आहे हो. माणसांना कशाला दोनदा विचारता?"

काका बोर्डवरची वायर सरळ करत राहिले.

"तुझी काकू हॉस्पिटलात होती ना, शेवटी, तेव्हा विचारलं, आज मी इथे थांबू का? म्हणाली, कशाला, घरी जा. मी आलो निघून." वायर सरळ झाली होती, तरी सोडेनात. "पुन्हा विचारायला हवं होतं रे. पहिल्यांदा ती नेहमी नाहीच म्हणायची."

"येतो काका," म्हणून उठलो.

"निघालास?"

"हो."

काका जरा थांबले. माझ्याकडे निरखून बघितलं.

"नक्की निघालास?"

"नाही," म्हटलं, आणि परत बसलो. "तो पहिला एलईडी माझा बघायचा राहिलाय. दाखवा की."