देविदासभाऊंचा काटा

देविदासभाऊ माणसाचं नाव विचारायच्या आधी उंची विचारतात. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये ते वजनकाटा सांभाळतात. मी तिथं पोत्यांची तोंडं शिवायला लागलो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला काट्यावर उभं केलं. मला वाटलं, अंगात जोर नाही म्हणून परत धाडणार. नववीत शाळा सोडलेली, गाव पार चंदगडकडे. परत कुठल्या तोंडानं जायचं?

भाऊ आकडा बघून म्हणाले, "बारदाना वजा कर. चपला, पट्टा, मोबाईल."

डाळ मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तसं भाऊ माणसाचंही करतात. मग उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनंच गुणायचं आणि त्या आकड्यानं वजनाला भागायचं. उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या आत आलं तर माल चोख. मी साडेअठराच्या खाली निघालो. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली भाकर माझ्यापुढे सारली. "खाय. काहून पाहून राहिला?" त्या भाकरीचे उपकार मी अजून मानतो.

स्वतः काट्यावर चढले की भाऊ पोटसुद्धा बारदान्यात धरतात. पण शेरूदादा हमाल अठ्ठावीसवर गेला तेव्हा ते गोंधळले. शेरूदादाच्या पोटावर चिमटीत धरण्याइतकंही काही नव्हतं. भाऊंनी थेट दवाखान्यात जाऊन विचारलं. या हिशेबाला मांस कुठलं नि चरबी कुठली ते कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येऊन भाऊंनी शेरूदादाला सगळ्यांसमोर मोकळं केलं. "तुह्यं वजन मेहनतीचं आहे गड्या. माह्यं नाही म्हनते डॉक्टर."

दवाखान्यात त्यांचं जाणं-येणं असायचं ते विमलवहिनींमुळे. वहिनी मोठ्या आजारातून नुकत्या उठल्या होत्या. वजन वाढलंच पाहिजे, घटत राहिलं तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनींनी त्याचाच धसका घेतला. आकडा उतरला की त्यांना घास जात नसे, आणि घास गेला नाही की आकडा आणखी उतरे.

रविवारी मिल बंद असली की भाऊ त्यांना काट्यावर आणत. एका रविवारी मी शिलाईच्या मशीनला तेल घालत खाली वाकलो होतो. वहिनी डोळे मिटून काट्यावर चढल्या. भाऊ अनवाणी त्यांच्या मागे उभे होते, आणि त्यांच्या पायाचा अंगठा काट्याच्या पत्र्यावर दाबलेला होता.

वहिनींनी डोळे उघडले. "वाढलं जी," त्या हळूच म्हणाल्या.

"वाढनारच," भाऊ म्हणाले.

वहिनी उतरून दाराकडे गेल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि जवळ येऊन आवाज खाली आणला. "दवाखान्यात खरं तेच सांगतो मी. इथं तिले भूक लागली पायजे."

दारातून वहिनी विचारत होत्या, आज पातोड्या करू का, आणि या पोरालाही जेवायला घेऊन येता का. भाऊ "कर" एवढंच म्हणाले. चपलेत पाय सरकवायला त्यांना बराच वेळ लागला.